सहावी जागा

मेडिकल चौकातून आत वळलं की दुसरी इमारत,
तळमजला, एसीचं पाणी गळतं तेच दार.
मशीन एक, हक्कदार चौदा विभाग.
म्हणून टेबलाला दोरीने बांधलेलं रजिस्टर,
रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन.
पेन चोरीला जातं. दोरी राहते.

मे महिना, बाहेर सत्तेचाळीस.
इथर पस्तिसालाच उकळतो,
फ्रीजमधून बाटली काढली की मी
पंगतीत आइस्क्रीम वाढणाऱ्यासारखी धावते.
पिपरिडिनचा वास केसांतून निघत नाही;
घरी सासूबाई विचारतात, "मासोळी आणली का गं?"

सोमवारच्या पानावर उईके मॅडमचं अक्षर:
बारा कड्यांची साखळी, दोन प्रती.
फरक फक्त सहाव्या जागी.
एकीत ग्लुटामिक, दुसरीत व्हॅलीन.
"उद्देश"च्या रकान्यात एकच शब्द, सिकलसेल.

साखळी आम्ही शेपटाकडून बांधतो.
शेवटची कडी आधी, रव्याएवढ्या मण्यांना चिकटवून.
टोपी काढा, धुवा, पुढची कडी द्या, थांबा, धुवा.
दर वेळी चार मणी काचनळीत, तीन थेंब, तापवा:
निळं झालं तर कुणीतरी अजून
रिकामा हात पुढे करून उभं आहे.
पिवळं राहिलं तर पुढे चला.

पहिल्या सहा कड्या दोन्ही भांड्यांत तंतोतंत त्याच.
उलटीकडून मोजलं की सहावी जागा सातव्या पाळीला येते.
त्या पाळीला दोन वेगळ्या बाटल्या उघडल्या.
ग्लुटामिक मुकाट बसलं.
व्हॅलीन अडून राहिलं. निळं.
पुन्हा दिलं. फिकं निळं.
तेवढ्यात लाइट गेली,
चंद्रभान मडावीने मोबाइलचा उजेड नळीमागे धरला.
तिसऱ्यांदा पिवळं.

(प्रोलिनला ही परीक्षा लागू नाही, त्याचा पाढा वेगळा;
नव्या मुलांना हे मी दरवर्षी सांगते,
आणि दरवर्षी कुणीतरी त्यावर एक रात्र घालवतं.)

गुरुवारी पहाटे दोन कुप्या,
दोन्हीत सावरीच्या कापसासारखं काहीतरी पांढरं.
वजनाच्या यंत्राने दोन शिखरं काढली,
मध्ये तीसचा फरक.
ग्रॅम नाही, मिलीग्रॅम नाही,
हायड्रोजनचे तीस अणू ठेवावेत, तेवढाच.

चंद्रभान एकोणीस वर्षं इथे सिलिंडर ओढतो.
कुप्यांकडे बघत त्याने खिशातून
प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड काढलं.
"तुमच्याकडं पिवळं म्हणजे चांगलं न, मॅडम?"
कार्ड पिवळं होतं.
"बायकोचंबी पिवळंच हाये. पोरीचं लाल."
पोरीचं वय त्याने सांगितलं नाही.
वर्ग सांगितला, आठवी,
आणि थंडीत तिचे सांधे कसे धरतात ते.

मग बोट न लावता, काचेपासून इंचभर दूर:
"यातली माझी कोणती?"

चौदा विभागांच्या प्रश्नांना माझ्याकडे
छापील फॉर्म आहे.
मी म्हटलं, "दोन्ही."

तो बराच वेळ हिशेब करत राहिला.
एक-दोनदा मान हलली, आधी नाही, मग होय.
"आन तिची?"
मी चिठ्ठ्या चिकटवत होते.
त्या त्याने स्वतःच वाचल्या,
इंग्रजी अक्षर न् अक्षर जोडत,
शेपटाकडून नाही, सरळ.

"डब्यात बर्फ भरा," म्हणायला वळले
तर भरलेला होता.
दुसरी कुपी त्याने आधी ठेवली,
नीट, उभी, कापसाच्या बोळ्यावर,
मग पहिली.

मी सही करायला रजिस्टरकडे गेले.
दोरी होती.