तळाशील, भाग सातवा

पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती.
एका अंगाला गड नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र,
मधे चार माडांच्या रुंदीएवढं गाव.
कॅमेरा कुठेही रोवा, चौकटीत पाणी यायचंच.

भालचंद्र खवणेकर होडीच्या फटी बुजवत होते.
मान वर न करता म्हणाले,
"मी उडी मारूक नाय. ह्या आदी लिवा."

माझ्या संहितेत उडी होती.
पान चार, दृश्य नऊ: क्षणाचाही विचार न करता ते...
वाक्य माझंच. गोरेगावच्या ऑफिसात लिहिलेलं,
पंख्याखाली, चहा गार होईस्तोवर.

त्यांनी विचार केला होता.
आधी पाण्याची ओढ बघितली,
मग डिझेलचा रिकामा कॅन, बूच घट्ट आहे ना ते,
मग दोर.
दोनदा टाकला, दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा मुलीच्या हाती लागला,
तिच्या गळ्यात तिच्या भावाचे हात होते.
अजून एक मुलगा होता.
तो चुकलेल्या दोन फेकींच्या मधे कधीतरी
दिसेनासा झाला.

निर्मात्याचा फोन आला.
उडी नाही तर प्रोमो कशावर कापायचा?
मी त्याला विहिरीच्या भागाची आठवण दिली.
आपण संथ गती लावली होती, सनई मिसळली होती.
महिन्याभराने वहीच्या फाडलेल्या पानावर एक पत्र आलं.
तक्रार नव्हती त्यात. एका पुतण्याचं वय होतं,
गावातल्या विहिरीचं नाव,
आणि "तो तुमचा कार्यक्रम न चुकता बघायचा."
निर्माता बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, बजेट वाढणार नाही.

घाट उतरण्याआधी गारगोटीला थांबलो होतो,
मंदाकिनी चौगले यांच्याकडे, परवानगीची सही घ्यायला.
त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.
"त्याला शर्ट कुठला घालणार?"
आमचा वेशभूषेचा मुलगा उत्साहाने म्हणाला, पोपटीच,
फोटोत आहे तसाच, कोल्हापुरात शोधून आणलाय.
"नको," त्या म्हणाल्या,
"दुसऱ्या कुणाच्या पोराला तो घालून
पाण्यात उभं करू नका."
सही मात्र केली.
शर्ट अजून गाडीच्या डिकीत आहे, किमतीच्या चिठ्ठीसकट.

म्हणून तिसऱ्या मुलाला आम्ही माणूस दिला नाही.
पाणी दाखवलं, नाव सांगितलं, वय सांगितलं.
किनाऱ्यावरून कुणीतरी मोबाइलवर टिपलेली
चौदा सेकंदं वाहिनीने विकत घेतली होती,
ती मी एकदाच ऐकली.
भागात घेतली नाहीत.
त्याबद्दल मला दोनदा लेखी खुलासा द्यावा लागला.

उरलेला सगळा वेळ गाठीला दिला.
कॅनच्या कानातून दोर, वेढा, खालून वर,
खवणेकरांची बोटं, नखांत डांबर,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी सावकाश.
कुणालाही शिकता यावी अशी.
मला वाटलं, या वेळी तरी काही चुकलं नाही.

भाग लागला शनिवारी रात्री.
रविवारी सकाळी त्यांचा फोन.
"बघितलंय. बरो आसा.
पण गाठ उरफाटी दाखवलास."

मी संकलकाला गाठलं. हो, म्हणाला,
नजरेची दिशा जुळत नव्हती,
म्हणून तेवढी दृश्यं आरशासारखी फिरवली.
कुणाला कळणार?

"ती पण बसता घट्ट," खवणेकर समजुतीने म्हणाले,
"पण शिकणारो गोंधळतलो.
आणि बुडणारो थांबणा नाय."

पुनःप्रक्षेपण बुधवारी, दुपारी एक वाजता.
अजून तीन दिवस आहेत.
टेबलावर पाण्याचा कॅन आहे, कपडे वाळत घालायची दोरी आहे.
मी ती आधी त्यांच्यासारखी बांधते,
मग आम्ही दाखवली तशी,
आणि माझे हात दर वेळी
मधेच थांबतात.