फूटपट्टी

भूगोलाच्या तासाला मी फूटपट्टी
जमिनीवर दोनदा ठेवून दाखवायचे:
एवढी. एवढीच रुंद आपली रेल्वे.
मुली हसायच्या.
माझ्या साडीचा पन्हासुद्धा
याच्या जवळजवळ दुप्पट.

ग्वाल्हेर ते बिरहारी, त्र्याण्णव किलोमीटर, सहा तास.
लष्करहून आई पत्रात विचारायची,
तुझं गाव येतं तरी कुठे?
मी लिहायचे, मोहरी संपली की बीहड लागतं,
डबा डावीकडे कलला की नदीचा पूल,
मग तुला झोप लागेल.
जागी होशील तेव्हा मी फलाटावर असेन.
ती कधी आली नाही.

लोक सांगतात ते खरं आहे.
चढावर पोरं उतरायची, हरभरा उपटायची,
मागच्या डब्यात चढून सोलत बसायची.
पण हे हसत सांगणाऱ्यांना
बहुधा वेळेत कुठे पोचायचं नव्हतं.

त्या पौषात शकुन प्रजापती अडली.
नर्सबाईंनी हात टेकले.
रस्ता होता, नाल्यापर्यंत.
जीप होती, ती वरातीत.
रात्रीच्या गाडीत आम्ही तिला खाटेसकट चढवलं.
इस्रार ड्रायव्हरनं इंजिनातून वाकून पाहिलं,
बोलला काही नाही,
पण त्या रात्री त्यानं एकही हॉल्ट घेतला नाही.
स्टेशनात टोकनचा गोळा झेलण्यापुरता मंद,
की पुन्हा जोरात. जोरात म्हणजे तरी काय,
पळत्या नीलगाईच्या बरोबरीनं.

आपापलं गाव खिडकीतून मागे जाताना
लोक बघत राहिले.
एकानं साखळीकडे हात नेला,
त्याच्या बायकोनं तो खाली घेतला.
सदतीस जणांनी ती रात्र ग्वाल्हेरच्या फलाटावर काढली,
त्यात एक बकरी घेऊन,
आणि एक तिलकाचं ताट मांडीवर धरून,
ज्याचा मुहूर्त मागे कुठल्याशा हॉल्टवर उतरून गेला होता.

शकुन वाचली.
मूल आउटर सिग्नलपाशी जन्मलं, रडलं नाही.
सिग्नल लाल होता. अकरा मिनिटं.
मी घड्याळात पाहिलं होतं.

आता हायवे आहे. पंचाहत्तर मिनिटं.
म्हणून माझ्यासमोर कुणी
छोट्या गाडीच्या आठवणीनं उसासे टाकायला लागलं
की मी चहा पुढे करते, साथ देत नाही.

तरीही बायपास गावाला असा टाळून गेलाय
जसं पंगतीत एका पानावर
वाढायचंच राहून जावं.
बस पुलावरूनच सुटते.
कंडक्टर वरून ओरडतो, बिरहारीवाले, जल्दी,
आणि आम्ही पिशव्या सावरत
भरावाची माती चढतो.
पुलाखाली शकुन माठ विकते.
शंभरच्या वेगाला तहान लागत नाही बैनजी,
ती म्हणते, आणि एक माठ बोटानं वाजवून
माझ्याकडे सरकवते. पैसे मात्र पूर्ण घेते.

मोठा रूळ आला गेल्या महिन्यात.
स्टेशन तीन किलोमीटर लांब, गव्हाच्या शेतात,
रंग ओला, पाटी कोरी, गाडी अजून नाही.
रविवारी मी फूटपट्टी घेऊन गेले.
मला वाकवत नाही,
शकुनच्या नातीनं ठेवली, मी मोजलं.
एक. दोन.
इथवर आमची होती.
तीन, चार, पाच, आणि वर अर्धी.

पोरगी पट्टीवरचं बोट न उचलता म्हणाली,
बैनजी, एवढ्या रुंदीची गाडी
आपल्याकडे थांबणार ना?
चौकीदारानं शिट्टी मारली, हटा पटरीवरून.
मी म्हटलं, ऊठ आधी.
वेळापत्रक लागू दे, मग सांगते.