ठिगळ

टेप पोस्टाने आली.
सोबत चार पानं, काय काय सुधारलंय त्याची यादी.
एकाही वाक्यात माणूस नाही.
'फाइल काढून टाकली तरी तिचे चित्र पडद्यावर राहत असे. आता राहत नाही.'
'कचरापेटी रिकामी असून भरलेली दिसत असे. आता दिसत नाही.'
अशी सतरा कलमं,
केसपेपरसारखी कोरडी.

मी अकराव्याखाली पेन्सिलीने रेघ मारली:
'नावात विशिष्ट अक्षरे असल्यास
फोल्डर उघडताना खिडकी नाहीशी होत असे.'

विशिष्ट अक्षरे म्हणजे आमचे ग्योझो बाची.
त्यांच्या नावात दोनदा येणारा तो ओ,
डोक्यावर दोन तिरके फराटे घेऊन,
वाऱ्यात केस उडावेत तसा.
मशीनला तो कधी कळलाच नाही.
तीन वर्षं त्यांचं नाव पडद्यावर
मध्ये एक आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह घेऊन उभं होतं,
आणि बोट लावलं की
अख्खी खिडकी मिटायची, लाजाळूसारखी.

तिसा नदीची एकोणतीस वर्षांची पातळी होती त्या फोल्डरात.
मी म्हटलं होतं, नाव बदलू या, साधा ओ टाकू.
ते म्हणाले, "टाक की, बोर्बाला.
मग पगाराच्या पावतीवरही साधाच टाक.
आणि माझ्या बायकोला तूच कळव."
नाव राहिलं.
आम्ही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत
मागच्या दाराने आत जात राहिलो.

ठिगळ लावायचं तर मशीन बंद ठेवावं लागतं.
चाळीस मिनिटं, असं यादीत होतं.
मार्चचा शेवट. वर कार्पेथियनमध्ये बर्फ सुटलेलं,
नदी तासाला चार सेंटिमीटर चढत होती,
आणि तिला जरा थांब म्हणायची सोय नव्हती.
मशीन फाटलं तर ठिगळ टेपवरून येतं.

"तू तुझं शिवणकाम कर," ग्योझो बाची म्हणाले.
बूट चढवले, टॉर्च घेतला,
आणि पुलाखालच्या मोजपट्टीपाशी जाऊन उभे राहिले,
सेन्सर बसण्याआधी राहत तसे.

रात्री अडीच. पडद्यावर ठिपके सरकत होते.
मधेच थांबले.
मी हात मांडीखाली दाबून बसले
आणि उगीच विचार करत राहिले,
कुठल्याशा दूरच्या गावात कुणीतरी
या एका कलमासाठी आठवडा घालवला असेल.
चाचणीला एक फोल्डर केलं असेल,
नाव काहीतरीच, नुसते फराटेवाले ओ, ओळीने सात.
उघडून पाहिलं असेल. मिटलं नाही.
मग जेवायला गेलं असेल ते माणूस.
या अक्षरांचं नाव होतं,
हाक मारली की कुणी वळून बघतं,
हे त्याला कोण सांगणार?
ठिपके पुन्हा सरकले.
खाली पुलापाशी टॉर्चचा उजेड दिसत होता.
तो मात्र जागचा हलला नाही.

तीन अठराला मशीन उठलं.
ते वर आले, मिशीवर दव,
वहीत पेन्सिलीने दोन आकडे:
पावणेतीन, सहाशे बारा.
सव्वातीन, सहाशे चौदा.

मी म्हटलं, बघा.
त्यांनी चष्मा पुसला, वाकले,
चारही फराटे मोजले.
"जरा जवळजवळ आलेत," म्हणाले.
मग बोट लावलं.
खिडकी उघडली
आणि उघडीच राहिली,
एकोणतीस वर्षांचं पाणी
छोट्या पिवळ्या चित्रांच्या रांगांत.

मी ते दोन आकडे आत घातले.
वही कोटाच्या खिशात परत गेली.

चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत:
'ज्ञात दोष, अद्याप शिल्लक: चार.'
मी त्यांना वाचून दाखवलं.
"चारच?" ते म्हणाले,
आणि वाकून पुन्हा बूट चढवायला लागले.
"सेन्सर चालू झालाय," मी म्हटलं.
"हो ना," ते म्हणाले,
दुसऱ्या बुटाची नाडी बांधत.