बदवल

सूरमध्ये, बंदरामागच्या गल्लीत
टायपिंग सेंटरात बसून मी लोकांची नावं
उजवीकडून डावीकडे लिहितो.

अरबीत प नाही, ड नाही,
ळ तर कुणी ऐकलेलाही नाही.
पडवळचं झालं बदवल.
मांडवावरची वेल
रेसिडेंट कार्डावर पालथी पडली.

"म्हणजे काय?" खमीसनं एकदा विचारलं.
जन्मभर जहाजांच्या फळ्या तासलेला म्हातारा,
आता दुपारी आमच्या एसीत येऊन बसतो.
मी हात लांब करून दाखवला.
"साप?"
"नाही, भाजी."
इतका हसला, की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

शेजारच्या टेबलावर इकबाल नाखवा, हर्णैचा.
त्याचं आडनाव ऐकून गिऱ्हाइकं खुर्ची सोडतात,
नोखदा! गलबताचा धनी!
इकबालला टॅक्सीतसुद्धा मळमळतं,
पण त्याच्या आडनावाला इथे माहेर आहे.
किती पिढ्यांनी आलं, कुणी मोजत नाही,
आधी पाणी विचारतात.
माझं आडनाव विचारलं तर
मी स्पेलिंग सांगतो.

आज मालकानं माझाच फॉर्म पुढे टाकला.
नाव. बापाचं. आजोबाचं. पणजोबाचं.
आमच्याकडे माणूस बापापाशी थांबतो,
पुढे थेट आडनावावर उडी.
आजोबा ठाऊक होते. त्यांच्यामागे अंधार.

आईला फोन लावला.
"थांब हं," म्हणाली. मग खडखडाट.
न्हाणीतला तांब्याचा हंडा तिनं उपडा केला असणार.
"चिंच लावल्याशिवाय दिसायचं नाही...
बु... बुधाजी. बुधाजी रावजी पडवळ.
पुढे साल आहे, पण तिथं पोचा आलाय."

"बुधा?" खमीस खुर्ची ओढत जवळ आला.
बुधवारी जन्मला असेल, मी म्हटलं,
आमच्याकडे ठेवायचे तसं.
त्यानं बोटं मोजली. अहद, इथनैन, थलाथा, अर्बिआ,
आणि अंगठ्यापाशी थांबला.
"खमीस म्हणजे गुरुवार," म्हणाला,
"म्हणजे मी तुझ्या पणजोबाच्या पाठचा."

मी टाइप केलं. ध मिळाला नाही,
द वर भागवलं.
खमीस स्क्रीनकडे बघत राहिला,
घरचं कुणी फोटोत सापडावं तसा.

कानाशी आई अजून होतीच.
"झालं का रे? हंडा
पालथाच राहू दे की सरळ करू?"