वजा एच

आउस्मा बाईंनी पिशवीतून डिस्क काढली,
लोकरीच्या मोज्यात घातलेली.
एकाच मोज्यात. दुसरा कुठे गेला, मी विचारलं नाही.
"रिकामी झाली," म्हणाल्या,
"व्हिलिसची बावीस वर्षं होती हिच्यात."

मार्च संपत आलेला. कुल्दिगा गावातलं माझं दुकान
औषधवाल्याच्या खाली, दोन पायऱ्या उतरून.
खिडकीतून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात.
बर्फ वितळलं की बुटांचे रंग कळतात.

डिस्क जोडली. पडद्यावर खरंच काही नव्हतं,
पण खाली आकडा: तीनशे बारा जीबी भरलेली.
बंद घराचं वीजबिल यावं तसं.

ही व्हायरसची जुनी खोडी. तो काही पुसत नाही,
प्रत्येक फाइलच्या कपाळी एक अक्षर लिहितो, एच,
म्हणजे लपलेली.
फाइल असते जागच्या जागी,
फक्त हजेरीत तिचं नाव कुणी पुकारत नाही.

"म्हणजे वाळीत टाकल्यासारखं," बाई म्हणाल्या.
"तसंच. पण हे एका ओळीत मिटतं."

काळ्या चौकटीत टाइप केलं:
वजा एच, वजा एस, वजा आर,
मग एक चांदणी, म्हणजे सगळ्या,
शेवटी तिरकी रेघ आणि एस,
म्हणजे खोक्यातल्या खोक्यातल्या खोक्यातल्यासुद्धा.
एंटर.

एप्रिलात व्हेंता नदीच्या धबधब्यावर
व्हिंबा मासे उड्या मारतात, बघायला लांबून लोक येतात.
पण मासा एकेक उडतो, पडतो, पुन्हा उडतो.
इथे चव्वेचाळीस हजार फाइली
चार सेकंदांत काठावर.
कुत्रा. सफरचंदाची झाडं, कलम बांधण्याआधी आणि नंतर.
सरकारी चर-नाल्यांचे नकाशे, त्याची नोकरी.
बाई लाल कोटात, बाई लाल कोटात, बाई कोटाशिवाय.

आणि एक फोल्डर: 'पंप दुरुस्ती पावत्या'.

"आमच्याकडे पंप नाही," बाई म्हणाल्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.
आज्ञा विचारत नाही कुणी लपवलं.
रोगाने झाकलेलं आणि माणसाने झाकलेलं
तिला सारखंच.
एका झाडूने केर जातो
आणि कोपऱ्यात ठेवलेली अंगठीही.

आत दोनशे अकरा स्कॅन.
प्रत्येकावर तारीख, आणि निळ्या शाईत एकच शब्द, त्याचं नाव.
पहिल्यात अक्षरं नकाशातल्या चरांसारखी सरळ.
चाळिसाव्यात शेवटचा 'स' घसरलेला.
शंभराच्या पुढे रेघ आपली आपणच थरथरते.
शेवटच्या कागदावर
एक टिंब, आणि टिंबापासून खाली पळालेली शाई.

बाई खुर्चीत बसल्या.
बराच वेळ वरून बुटांचे आवाज.

"मला म्हणायचा, पेन खराब आहे.
मी दर शनिवारी नवं पेन आणायचे.
घरात अजून एक डबा भरून आहे.
सगळी चालतात."

मी म्हटलं, हवं तर पुन्हा लपवतो,
अधिक एच, अर्ध्या सेकंदाचं काम.
"नको. पण कुणाचा हात लागायला नको यांना."
मग फक्त वाचण्यापुरत्या करू, म्हटलं, अधिक आर.
त्यांना शब्द आवडला असावा. दोनदा म्हणाल्या,
फक्त वाचण्यापुरत्या.

माझी बोटं ओळ लिहू लागली, चांदणीपर्यंत आली.
"एकदम?"
"हो, एकदम."
"मला एकेक करता येईल?"

मी दाखवलं. उजवं बटण, गुणधर्म, चौकोनात खूण, ठीक आहे.
बाईंनी चष्मा पुसला, माउस धरला,
पेन धरतात तसा.

सहा वाजता औषधवाल्याने वरचं शटर ओढलं.
बाई सदतिसाव्यावर होत्या.
मी दिवा लावला आणि किटलीत
दोघांपुरतं पाणी घातलं.