बेरीज स्वस्त आहे

बेरीज स्वस्त आहे.
दोन आकडे शेजारी शेजारी बसवले की झालं,
वीज लागते ती नखभर.
महाग पडतं ते तिसऱ्या आकड्याला
चिपच्या पार पल्याडच्या कोपऱ्यातून बोलावून आणणं.

हे मी अम्माला सांगितलं
साखर पेठेत, मे महिन्यात, रात्री साडेअकराला,
भिंती दिवसभराचं ऊन परत करत होत्या तेव्हा.
ती तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळत होती.
म्हणाली, यात नवीन काय?
विडी वळून हात दुखत नाहीत,
कारखान्यात नेऊन देताना पाय दुखतात.

मी वहीत लिहून ठेवलं. तारखेसकट.

चौसष्ट गाभे, आठाच्या आठ ओळी,
प्रत्येकाच्या उंबऱ्याशी एक राउटर:
आलेलं पाकीट घ्यायचं, पत्ता वाचायचा, पुढे ढकलायचं.
काम नसलं तरी जागाच.
रिकामं बफर राखत बसलेला,
आणि मीटर फिरतंय.

म्हणून मी त्यांना झोपवायला निघाले.
पहिल्या खेपेला जरा जास्तच झोपले.
पाकीट दाराशी उभं, आतला डोळे चोळतोय,
मागे दुसरं, त्याच्या मागे तिसरं,
आणि पहाटे दोनला स्क्रीनवर सगळं जाळं गोठलं,
आमच्या बोळात टेम्पो आणि सुताची हातगाडी
समोरासमोर येतात तसं.
कुणीच मागे घेत नाही.
सगळ्यांचंच बरोबर असतं.

दुसऱ्या रात्री नान्नांचा डबा घेऊन शेडमध्ये गेले.
तिथे बोलता येत नाही, ओठ वाचायचे.
चार माग त्यांच्याकडे, टॉवेलचे.
ते पहिल्यावर तुटलेला धागा सांधत होते,
चौथ्याकडे पाठ.
चौथ्याची कांडी संपत आलेली, संपलेली नाही.
आणि ते निघाले.
कांडी संपली तेव्हा हात तिथे होता.

कसं कळलं?
डबा उघडता उघडता म्हणाले,
धोटा हलका झाला की आवाज पोकळ येतो.
दोन ठोके आधी.

घरी येऊन एक बारीक तार ओढली,
एकाच बिटाची, पाकिटाच्या पुढे पळणारी.
दोन घरं आधी जाऊन एवढंच सांगते:
ऊठ, येतंय.

उजाडता उजाडता आकडे आले.
चौसष्टातले एकतीस गाढ झोपेत,
आणि दाराशी ताटकळलेलं कुणी नाही.
मी दोनदा चालवून पाहिलं, विश्वास बसेना म्हणून.

हेगडे सरांनी बेंगळुरूहून विचारलं,
कल्पना कुठली? संदर्भ द्या.
मी लिहिलं: शेड नंबर अकरा, माग चौथा.
त्यांनी खोडलं. बरोबरच आहे त्यांचं.

तेवढ्यात अम्मा निघाली होती,
राजव्वाच्या, सुगुणाच्या विड्याही
आपल्याच टोपलीत भरून,
तिघींची मिळून एकच फेरी.

थांब, मी म्हटलं, चप्पल शोधत,
सावकाश चाल,
मला मोजू दे.