नवख्यांची वेळ

सकाळच्या बोटीने आज तिघं उतरले.
कार्यालयाच्या कागदावर तिघांपुढे एकच शेरा:
'गळ कधीही हातात धरलेला नाही.'
चांगलं आहे. अर्धवट शिकलेल्यापेक्षा
कोरा माणूस बरा.

मी किसाबुरो. वय विचारू नका,
धक्क्याच्या सिमेंटवर साल कोरलंय.
ते ओलं असताना मी त्यावर पाय दिला
आणि मार खाल्ला.
ठसा अजून आहे, पाच बोटांचा, बशीएवढा.
पाहुण्यांना मी तिथेच उभं करतो.
वारा पाठीशी राहतो.

आधी जवळा. गोठवलेला, गुलाबी,
बादलीत हळूहळू सुटा होणारा.
चमच्याने भरा या इवल्या पिंजऱ्यात. दाबू नका.
वर सहा गळ, प्रत्येकावर कातडीची चकाकती चिंधी.
"याला मासे फसतात?" ओसाकाचा पोरगा विचारतो.
तू जाहिरातीच्या कंपनीत आहेस ना, मी म्हणतो.
त्याची बायको इतकी हसते
की चमचा पाण्यात.

माझ्या बापाने मला एक शब्द शिकवला नाही.
होडीत बसवलं, दोरी बोटावर दिली.
चुकलं की वल्ह्याचं टोक गुडघ्यावर.
बरोबर आलं की
काहीच नाही.
त्या काहीच-नाहीसाठी मी सात वर्षं गुडघे सोसले.

आता मला बोलण्याचे पैसे मिळतात.
माणशी साडेतीन हजार येन, जेवणासकट,
आणि बोलायचं ते नेमकं हातातलं,
जे जिभेवर कधी आलंच नाही.
बघा, लाट ओढते ती बाही ओढल्यासारखी.
तळाचा खडक ओढत नाही, नुसता धरून बसतो.
आणि मासा?
मासा दार वाजवतो
आणि कुणी उठायच्या आत निघून जातो.
म्हणजे किती जोरात, पोरगा विचारतो.
मी त्याच्या मनगटावर बोटाने वाजवून दाखवतो.
तो मान डोलावतो. त्याला कळलेलं नाही.

तिसऱ्या कुवाबारा बाई. डोंगरातल्या.
समुद्र आयुष्यात दुसऱ्यांदा बघताहेत.
एकतीस वर्षं तोफू केला, म्हणाल्या,
पहाटे तीनला, थंड पाण्यात कोपरापर्यंत हात.
दुकान मार्चमध्ये बंद झालं.
एवढंच सांगितलं आणि दांडी घेतली.

बराच वेळ काही नाही.
मांजर बादलीभोवती हिशेब करून गेलं.
पोरग्याने सहा वेळा गळ वर घेतला,
सहा वेळा मी म्हटलं, थांब.
थांब हा माझा सगळ्यात महाग शब्द,
दिवसाला शंभरदा खर्च होतो.

मग मी पाहिलं,
कुवाबारा बाईंनी दोरी दांडीपासून किंचित सोडवून
तर्जनीच्या पेरावर घेतली होती.
हे मी सांगितलं नव्हतं.
हे मी कुणालाच सांगत नाही,
हे फक्त होडीत होतं.
डोळे मिटलेले, चेहरा बधिर, सगळ्या बाई त्या पेरात,
जशा दह्यासारख्या थरथरत्या पांढऱ्या वडीखाली
हात घालून उभ्या असतील, पहाटे.

तोंड उघडलं होतं मी.
मिटलं.

चार मासे मिळाले त्यांना. तीन बांगड्याच्या जातीचे,
करंगळीहून थोडे मोठे,
आणि एक कासागो, लाल, काट्यांचा, रागीट.
तेव्हा मात्र मी ओरडलो: हात लावू नका!
मग चिमट्याने सोडवायला शिकवलं.

वहिनी तोमिएने सगळं तळलं, डोक्यासकट.
पोरग्याने ठेवणीतले सात फोटो काढले
एका माशाचे, जो त्याच्या बायकोने पकडला होता.

चार दहाची बोट.
कुवाबारा बाई फळीवर चढता चढता वळल्या.
"माझं काही चुकत होतं का?" म्हणाल्या.
"त्या दोघांना सारखं सांगत होतात.
मला दुपारभर काहीच बोलला नाहीत."

भोंगा वाजला. माझा डावा कान तसाही गेलेला.
मी हात वर केला,
आणि त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली,
जवळ्याचा वास अजून असणार,
दोन दिवस जात नाही, साबण लावा, लिंबू लावा,
हे सांगायचं राहूनच गेलं.